हान्स बर्गर : मेंदूतली वीज कागदावर उतरवणारा डॉक्टर

चिठ्ठीवर ईईजी असं लिहून दिलं की समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर काय येतं, ते आता मला पाठ झालंय. सोनारीसारख्या गावात ही तपासणी होत नाही, त्यासाठी बार्शीला नाहीतर सोलापूरला जावं लागतं. निघण्याआधी आई हळूच विचारते, की पोरीला शॉक देणार का. वडील विचारतात, की तिच्या डोक्यात काय चाललंय ते मशीनमध्ये दिसेल का. आजी काहीच विचारत नाही. आधी भैरवनाथाला जायचं की आधी बार्शीला, एवढंच ती मनात ठरवत असते.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. शॉक देत नाहीत. यंत्रातून डोक्यात काहीही जात नाही. उलट मेंदूत मुळातच असलेली अतिशय क्षीण वीज यंत्र टिपून घेतं. आणि विचार दिसत नाहीत. आजींना मी सांगतो, देवळात जरूर जा, फक्त गोळी बंद करू नका.

गंमत अशी, की ज्या माणसाने ही तपासणी शोधली त्याला नेमके विचारच पाहायचे होते. ते त्याला कधीच दिसले नाहीत. जे दिसलं त्यावर मात्र आज जगभरातल्या फीटच्या रुग्णांची तपासणी उभी आहे. त्याचं नाव हान्स बर्गर. त्याची गोष्ट तुम्हाला सांगतो. ती सगळी चांगल्या माणसाची गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तोफेखाली येता येता वाचलेला पोरगा

बर्गरचा जन्म २१ मे १८७३ चा, जर्मनीतल्या कोबुर्गजवळच्या नॉयसेस नावाच्या गावातला. वडील डॉक्टर. आईचे वडील फ्रीडरिश रुकर्ट हे तिकडचे नावाजलेले कवी आणि पौर्वात्य भाषांचे पंडित. आपली नल-दमयंतीची कथा आणि जयदेवाचं गीतगोविंद त्यांनी संस्कृतमधून जर्मनमध्ये नेलं. नातवाच्या जन्माआधीच ते वारले होते, पण घरात वातावरण तेच असणार, पुस्तकांचं आणि मनाबिनाच्या गोष्टींचं.

हान्सला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. त्याला खगोलशास्त्र शिकायचं होतं. एका सहामाहीतच त्याने शिक्षण सोडलं आणि वर्षभरासाठी सैन्यात नाव घातलं. तिथे सरावाच्या वेळी त्याचा घोडा उधळला आणि तो खाली पडला, तोही नेमका घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या तोफेच्या वाटेत. गाडीवानाने ऐन वेळी घोडे आवरले म्हणून वाचला. अंगावर फारसं खरचटलंही नाही, पण जीव घाबराघुबरा झाला. त्याच दिवशी संध्याकाळी वडिलांची तार आली, हान्स बरा आहे ना अशी. कितीतरी कोसांवर घरी असलेल्या त्याच्या बहिणीला अचानक वाटलं होतं की भावाचं काहीतरी वाईट झालंय, आणि तिने हट्ट धरून वडिलांना तार करायला लावली होती.

तुमच्या-आमच्या घरातही असे किस्से असतात. आपण योगायोग म्हणतो, नाहीतर माया म्हणतो, आणि सोडून देतो. हान्सने सोडलं नाही. आपल्या भीतीतून काहीतरी शक्ती निघाली आणि ती बहिणीपर्यंत पोचली, अशी त्याची खात्रीच झाली. मेंदूतून निघणारी ती शक्ती मोजायची, एवढ्यासाठी त्याने खगोलशास्त्राचा नाद सोडला आणि येना विद्यापीठात वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला. एका गैरसमजातून एवढं मोठं काम सुरू झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

पंचवीस वर्षं हाती काही नाही

१८९७ मध्ये ते डॉक्टर झाले आणि येनाच्याच मानसोपचार रुग्णालयात ओटो बिन्सवांगर यांच्या हाताखाली लागले. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या एकाच रुग्णालयात काढलं. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, तेव्हा ते सैन्याचे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून आघाडीवर जाऊन आले. १९१९ मध्ये ते रुग्णालयाचे प्रमुख झाले, पुढे काही काळ विद्यापीठाचे कुलगुरूही होते. दिवसभर राउंड, रुग्ण, विद्यार्थी. वेळेचे अतिशय पक्के, कमी बोलणारे, थोडे कडक. मनातल्या शक्तीचा शोध हे काम मात्र ते रुग्णालयाचं काम आटोपल्यावर, जवळजवळ गुपचूप करत. सहकाऱ्यांना त्याचा फारसा पत्ता नव्हता.

आधी त्यांनी मेंदूतल्या रक्ताभिसरणाच्या मागे लागून पाहिलं. कवटीला भोक राहिलेल्या रुग्णांमध्ये मेंदूचे ठोके त्वचेखाली दिसतात. मन बदललं की ते बदलतात का, हे त्यांनी तपासलं. मग मेंदूचं तापमान मोजलं. विचार केला की मेंदू तापतो का, आणि तापला तर किती ऊर्जा मनाच्या कामाला गेली, असा त्यांचा हिशोब होता. तो जमला नाही. पुस्तकं निघाली, पण हाती ठोस काही लागलं नाही.

मेंदूत वीज असते हे तोवर माहीत झालेलं होतं. लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर ती टिपली होती. पण माणसाच्या डोक्यावर, कवटी न उघडता, बाहेरून ती मिळेल असं कुणाला वाटत नव्हतं. कारण ती फारच थोडी असते. कवटीवरून मिळते ती साधारण ५० मायक्रोव्होल्ट धरा. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलची वीज हिच्या ३०,००० पट असते. त्यातही मध्ये हाड, कातडी, केस. शेजारी हृदय आपली वेगळी वीज घेऊन धडधडतंय, रुग्ण डोळे मिचकावतोय, दात आवळतोय.

६ जुलै १९२४ रोजी शस्त्रक्रियेसाठी कवटीचं हाड काढलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर बर्गर यांना पहिल्यांदा काटा हलताना दिसला. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. मग सुरू झाली शंकांची पाच वर्षं. हे खरंच मेंदूचं आहे, की रक्तवाहिन्यांच्या ठोक्यांचं, की कातडीचं, की यंत्रच खोटं बोलतंय? वीजशास्त्रात त्यांचा हात काही फार चालत नव्हता, त्यामुळे धास्ती जास्तच. त्यांनी सोबत हृदयाचा आलेख काढून ताडून पाहिलं. सुया टोचून पाहिल्या, मग चांदीच्या पातळ पट्ट्या लावून पाहिल्या. स्वतःच्या डोक्यावर प्रयोग केले, आणि क्लाउस या आपल्या मुलाच्या डोक्यावर तर कितीतरी वेळा. पट्ट्या बांधून अंधाऱ्या खोलीत मुकाट पडून राहणारा तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर येतो. त्याला किती कंटाळा आला असेल!

१९२९ मध्ये त्यांनी पहिला लेख छापला. त्याच नावाने, फक्त क्रमांक बदलत, १९३८ पर्यंत असे १४ लेख आले. या आलेखाला इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम हे नाव त्यांनीच दिलं. तोच आपला ईईजी.

भिंतीबाहेरून ऐकलेलं भजन

त्यांना काय दिसलं ते नीट समजून घ्या, कारण ते तुमच्या रिपोर्टवर आजही लिहिलेलं असतं.

माणूस डोळे मिटून शांत पडला की डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला साधारण दहा, म्हणजे ८ ते १३ अशा गतीने मोठ्या, सारख्या लाटा येतात. त्याने डोळे उघडले, किंवा त्याला एखादं गणित घातलं, की त्या लाटा विरतात आणि बारीक, वेगवान लाटा दिसू लागतात. पहिल्यांना बर्गर यांनी अल्फा म्हटलं, दुसऱ्यांना बीटा.

म्हणजे काम करताना मेंदूतली वीज कमी होते का? तसं नाही. देवळात भजन चाललंय आणि तुम्ही भिंतीच्या बाहेर उभे आहात असं समजा. सगळे एका तालात टाळ वाजवतात तेव्हा ताल बाहेर स्पष्ट ऐकू येतो. भजन थांबून जो तो शेजाऱ्याशी बोलू लागला की बाहेर नुसता गलका येतो. आत माणसं तेवढीच असतात, पण एकताल मोडलेला असतो. डोक्यावरची पट्टी ही भिंतीबाहेरची माणसासारखी असते. लाखो पेशी एका तालात असल्या तरच तिला काही ऐकू येतं, आणि शब्द तर कधीच ऐकू येत नाहीत. म्हणूनच तुमच्या मुलीच्या मनातलं मशीनमध्ये दिसत नाही.

फीट म्हणजे काय, तेही यातून कळतं. फीटमध्ये पेशींचा एखादा गट, किंवा सगळाच मेंदू, नको तेव्हा आणि नको तितक्या जोरात एकताल धरतो. ईईजीमध्ये त्याच्या टोकदार खुणा दिसू शकतात, कधीकधी दोन झटक्यांच्या मधल्या काळातही.

जर्मनीत बर्गर यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मानसोपचाराचा डॉक्टर विजेचं काय सांगणार, असाच सूर होता. १९३४ मध्ये केंब्रिजला एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून पाहिला. एड्रियन यांना दोनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं होतं. त्यांनी बर्गर बरोबर आहेत म्हटल्यावर जग वळलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी लहान मुलांच्या एका फीटचा आलेख दाखवला. या फीटमध्ये मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, काही सेकंद नुसतं टक लावून हरवल्यासारखं होतं आणि पुन्हा जागेवर येतं. शाळेत अशा मुलाला बेलक्ष म्हणून मार बसतो. ईईजीवर मात्र त्या क्षणी सेकंदाला तीन या गतीने ठरावीक आकाराच्या लाटा येतात. योग्य औषधाने हा प्रकार बहुतेक मुलांमध्ये आटोक्यात येतो. तुमचं मूल बोलता बोलता असं मधेच थांबत असेल तर शिक्षकांच्या तक्रारीआधी डॉक्टरांकडे या.

जे सांगायला जीभ अडखळते

१९३७ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एड्रियन यांच्या बरोबरीने बर्गर यांना मानाचं स्थान मिळालं. १९३८ मध्ये ते निवृत्त झाले. १ जून १९४१ रोजी, आजारपण आणि खोल नैराश्य यांत, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं.

पुष्कळ पुस्तकांत असं लिहिलेलं सापडतं की नाझींनी या सज्जन माणसाला छळून घालवलं. मीही शिकताना तसंच वाचलं होतं आणि एकदा विद्यार्थ्यांसमोर सांगितलंही होतं. नंतर येनाच्या दप्तरांचा अभ्यास झाला तेव्हा वेगळंच निघालं. बर्गर वय झाल्यावर रीतसर निवृत्त झाले होते. ते नाझींच्या एसएस संघटनेचे वर्गणीदार सदस्य होते. त्याहून गंभीर म्हणजे आनुवंशिक आरोग्याच्या नावाने चालणाऱ्या वरिष्ठ न्यायालयात ते बसत. १९३३ च्या कायद्याने काही आजारांच्या लोकांची बळजबरीने नसबंदी करता येत असे, आणि खालच्या न्यायालयाने दिलेल्या निकालांवरची अपिलं या वरिष्ठ न्यायालयात येत. त्या कायद्याच्या यादीत मनोविकार होते, जन्मजात बहिरेपण आणि आंधळेपण होतं, आणि फीटचा आजारही होता.

म्हणजे ज्याच्या शोधाने पुढे लाखो फीटच्या रुग्णांना निदान मिळालं, तोच डॉक्टर अशा रुग्णांना मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या खुर्चीत बसला होता. यावर मी फार विचार केला आहे. शोध मोठा म्हणून माणसाला माफ करावं असं मला वाटत नाही, आणि माणूस असा निघाला म्हणून शोध टाकून द्यावा असंही नाही. पण ही गोष्ट रुग्णांपासून लपवू नये एवढं मात्र नक्की वाटतं.

कारण ही खुर्ची आपल्याकडेही असते, फक्त ती न्यायालयात नसते. मुलीला फीट येते हे कळलं की स्थळ परत जातं. म्हणून घरचे लपवतात, लग्नानंतर गोळ्या चोरून घ्यायला लावतात किंवा बंदच करतात, आणि मग सासरी पहिला झटका येतो. आपल्या हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमध्येही वारंवार येणाऱ्या फीटचा उल्लेख १९९९ पर्यंत होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो काढला गेला. आता नुसती फीट येते म्हणून लग्न मोडता येत नाही. औषध चालू असताना लग्न करता येतं, मूल होऊ शकतं. फक्त गोळ्यांपैकी काही गरोदरपणात बाळाला त्रासदायक असतात, म्हणून दिवस राहण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलून त्या बदलून घ्यायच्या असतात. आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणखी एक. बर्गर यांना मानसोपचारातलं सगळं ठाऊक होतं, तरी स्वतःच्या नैराश्यातून ते बाहेर पडू शकले नाहीत. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला जगणं नकोसं वाटत असेल तर टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

भोरड्यांचा थवा

बर्गर यांचा पहिला लेख छापला गेला त्याच १९२९ सालात जर्मनीत डीट्रिश लेहमन यांचा जन्म झाला. पुढे झुरिकला काम करताना त्यांनी बर्गरच्या लाटांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. एकेका पट्टीची लाट वाचण्याऐवजी एका क्षणी सगळ्या पट्ट्या मिळून डोक्यावर विजेचा कसा नकाशा काढतात, ते त्यांनी पाहिलं. कुठे जास्त, कुठे कमी, आणि हा नकाशा पुढच्या क्षणी कसा बदलतो.

हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर आली की आपल्याकडे भोरड्यांचे थवे येतात. आकाशात तो काळा ढग एक आकार धरतो, क्षणभर तसाच राहतो, आणि एकदम वळून दुसराच आकार घेतो. डोक्यावरचा विजेचा नकाशाही असाच वागतो, हे लेहमन यांना दिसलं. तो हळूहळू सरकत नाही. एक आकार साधारण ६० ते १२० मिलिसेकंद टिकतो, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि मग झटक्यात दुसरा येतो. या टिकणाऱ्या क्षणांना मायक्रोस्टेट म्हणतात, आपण सूक्ष्मस्थिती म्हणू.

त्या शोधून काढण्याची रीत अशी. नकाशातला जास्त-कमीचा फरक प्रत्येक क्षणी किती ठळक आहे हे संगणक मोजतो. जिथे तो सर्वांत ठळक असतो ते नकाशे वेचून घेतले जातात, कारण तिथे गोंगाट कमी असतो. मग सारखे दिसणारे नकाशे एकत्र करून गट पाडतात. शांत पडलेल्या माणसात बहुधा चार मुख्य आकार निघतात, आणि रेकॉर्डिंगचा बराचसा भाग त्या चारांतच बसतो. शेवटी सगळं रेकॉर्डिंग पुन्हा चाळून प्रत्येक क्षणाला एकेक आकार नेमून देतात. कोणता किती वेळ टिकला, सेकंदाला कितीदा आला, कोणाच्या मागून कोण आला, हे सगळं मग मोजता येतं. यात माणसाच्या हातात बरंच असतं. गट चार पाडायचे की सात, रेकॉर्डिंग आधी किती गाळून घ्यायचं, यावर उत्तर बदलतं. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवताना म्हणूनच जपावं लागतं.

स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश, झोपेचे विकार यांत या सूक्ष्मस्थितींचा टिकण्याचा काळ आणि क्रम बदललेला आढळतो. पण हा बदल रुग्णांच्या गटाची निरोगी लोकांच्या गटाशी तुलना केल्यावर दिसतो. एकट्या तुमच्या मुलाचं निदान यावरून आज होत नाही. मेंदूचा रंगीत नकाशा काढून बुद्धी, स्वभाव, अभ्यासातलं लक्ष सांगतो अशी जाहिरात कुणी केली आणि काही हजार मागितले, तर ते पैसे वाचवा. बर्गर यांना आयुष्यभर शोधून जे मिळालं नाही, ते अशा दुकानात मिळत नाही.

आता तुमच्या तपासणीकडे येतो. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा, तेल लावू नका, कारण तेलावर पट्टी चिकटत नाही. फीटच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या, उपाशी राहायची गरज नसते. रात्री कमी झोपवायला सांगितलं असेल तर तेवढं पाळा, झोपेत खुणा जास्त दिसतात. डोक्यावर वीसेक पट्ट्या लावतील, डोळे मिटा-उघडा म्हणतील, जोरात श्वास घ्यायला सांगतील, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतील. अर्धा-पाऊण तास लागेल, दुखणार काही नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे फीट नाही असं समजू नका. फीटच्या साधारण अर्ध्या रुग्णांमध्ये पहिला ईईजी नॉर्मलच येतो. आजाराचं निदान मुख्यतः झटका कसा आला याच्या वर्णनावरून होतं, म्हणून ज्याने झटका पाहिला त्यालाच सोबत आणा, आणि जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. झटका चालू असताना नाकाला कांदा, चप्पल लावू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर गाडी काढा.

रिपोर्टच्या सुरुवातीला बहुधा असं एक वाक्य असेल, की मागच्या भागात अमुक गतीचा अल्फा आहे आणि डोळे उघडल्यावर तो कमी होतो. ते वाचून घाबरू नका. येनाच्या त्या खोलीत क्लाउसने डोळे उघडले तेव्हा हेच झालं होतं.